उभ्या राहिलेल्या मोटारीचा कार्ब्युरेटर

नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूच्या जुन्या वाड्यांच्या पडवींत, किंवा शेतावरील घराच्या पत्र्याखालीं, अजूनही एखादी फियाट अथवा पद्मिनी मोटार ताडपत्रीखालीं झांकून ठेवलेली दिसते. तिच्या पाटीवर पुष्कळदां धुळ्याचा १८ हा आंकडा असतो. कारण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला, आणि ३९ हा त्याचा स्वतःचा आंकडा त्यानंतरचा. दसऱ्याला घरांतील ट्रॅक्टर व मोटारसायकल यांच्याबरोबर तिलाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळते. पण ती चालत मात्र नाहीं. घरांतील वडीलधाऱ्या माणसानें ती घेतलेली असते, तिच्यांतून घरच्या मुलींची पाठवणी झालेली असते, आणि ते गृहस्थ गेल्यावर ती जागच्या जागीं उभी राहिलेली असते. मग केव्हां तरी भंगारवाला दारांत येतो व वजनाच्या भावानें किंमत सांगतो. त्या वेळीं घरांतील कोणाला तरी वाटतें कीं, एकदां सुरू तर करून पाहूं. मिस्त्रीला बोलावणें जातें. तो बॉनेट उघडतो, दोनचार वेळां स्टार्टर मारतो आणि निकाल देतो, "कार्बोरेटर गेला."

हा निकाल खरा कीं खोटा, तें ठरविण्याची रीत सांगणें एवढाच या भाषणाचा विषय आहे. ती रीत अवघड नाहीं, आणि तिला पैसाही थोडाच लागतो. पुष्कळ वेळां कार्ब्युरेटर 'गेलेला' नसतो, नुसता कोंदलेला असतो. कित्येक वेळां तर दोष त्याचा नसतोच. शिक्षा मात्र त्याला होते. कोणी त्याचे स्क्रू उलटसुलट फिरवतो, कोणी त्याच्या बारीक भोकांत तार खुपसतो, आणि जी वस्तु एका दुपारच्या सफाईनें सुधारली असती ती खरोखरीच कामांतून जाते. मग भंगारवाल्याचें फावतें.

या गाड्यांचें कुळ महाराष्ट्रांतलेंच आहे. सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, व तिचा कारखाना मुंबईस कुर्ल्याला निघाला. आरंभीं तेथें अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. १९५० नंतर इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या बनूं लागल्या, आणि १९७४ पासून त्याच घडणीची गाडी पद्मिनी या नांवानें विकली गेली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सींतून कायमची गेली. तिचें अंतरंग जाणणारे मिस्त्रीही एकेक करून कमी होत आहेत. आजच्या नव्या मोटारींत कार्ब्युरेटर नाहींच. तेथें संगणकाच्या हुकुमानें पेट्रोलचा फवारा उडतो. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाल्यावर नव्या मोटारसायकलींतूनही त्याचें जवळजवळ उच्चाटन झालें. तेव्हां तरुण मिस्त्रीला तो परका वाटला, तर त्यांत त्याचा दोष नाहीं.

कार्ब्युरेटरचें काम एका वाक्यांत सांगतां येतें: पेट्रोल आणि हवा ठराविक प्रमाणांत मिसळून इंजिनाला देणें. हें प्रमाण मात्र ऐकणाऱ्याला चकित करील असें आहे. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास जवळजवळ १५ किलो हवा लागते. मापाच्या भाषेंत बोलावयाचें तर एका लिटर पेट्रोलला सुमारें ९,००० लिटर हवा! म्हणजे मोटार जेवते ती मुख्यतः हवा. पेट्रोल हें तोंडीं लावणें.

त्याच्या अंगांत दोन गोष्टी मुख्य आहेत. पहिली म्हणजे पेट्रोलची लहानशी वाटी. गच्चीवरील पाण्याच्या टाकींत जसा चेंडू पाण्याबरोबर वर येतो व तोटी बंद करतो, तसाच या वाटींत एक पोकळ डबा तरंगत असतो. मिस्त्री त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल ठरलेल्या पातळीला आलें कीं फ्लोट एका सुईला वर ढकलतो, आणि सुई पेट्रोल येण्याची वाट बंद करते. पेट्रोल खर्च झालें कीं सुई खालीं येते व वाट मोकळी होते. फ्लोटच्या वाटींतून पेट्रोलचा फवारा घेण्याची ही युक्ति जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें १८९३ च्या सुमारास अमलांत आणली. दुसरी गोष्ट म्हणजे मधेंच आवळलेली हवेची नळी. अरुंद जागेंतून जातांना हवेचा वेग वाढतो आणि तेथें तिचा दाब घटतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यानें अशा प्रवाहाचा अभ्यास १७९७ मध्यें प्रसिद्ध केला, म्हणून त्या आवळलेल्या गळ्याला त्याचेंच नांव मिळालें. दाब घटला कीं वाटींतलें पेट्रोल बारीक भोकांतून वर ओढलें जातें व हवेंत फवारतें. डासांवर औषध मारण्याचा जुना हातपंप ज्यानें चालविला आहे त्याला हें वेगळें सांगावयास नको.

हीं बारीक भोकें ज्या पितळी तुकड्यांत असतात त्यांना जेट म्हणतात. जेट दिसतो एखाद्या लहान स्क्रूसारखा, आणि त्यावर आंकडा कोरलेला असतो. सोलेक्स जातीच्या कार्ब्युरेटरच्या मुख्य जेटवर १२० असें लिहिलेलें असेल, तर भोंक १.२० मिलिमीटरचें आहे असा त्याचा अर्थ. गाडी जागेवर नुसती घुरघुरत असतांना ज्या जेटवर जगते, तो तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा असतो. एवढ्या वाटेंत डिंकाचा एक पापुद्रा अडकला तरी इंजिन उपाशी मरतें.

हा डिंक येतो कोठून? पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे; हलक्या व जड अशा अनेक द्रवांचें तें मिश्रण आहे. त्यांतील हलका भाग थंड इंजिनाला पेट घेण्यास मदत करतो. आणि गाडी उभी राहिली कीं नेमका तोच आधीं उडून जातो. उरलेला भाग हवेशीं संयोग पावून चिकट, तांबूस, राळेसारखा होतो. कार्ब्युरेटरच्या वाटींत पेट्रोल मावतें जेमतेम अर्धा कप. नंदुरबारकडे वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि पत्र्याच्या छपराखालीं तर विचारावयासच नको. अशा उन्हाळ्यांत ती वाटी कांहीं आठवड्यांत कोरडी होते व तळाशीं आपला थर ठेवून जाते. कोणी मधूनमधून गाडी पांच मिनिटें सुरू करून पुन्हां बंद करतो. तेव्हां जुन्या थरावर नवा थर चढतो. पावसाळ्यांत दमट हवा टाकींत शिरते, रात्रीं तिचें पाणी होतें, आणि टाकी जितकी रिकामी तितका तिच्या वरच्या पत्र्याला गंज अधिक.

अलीकडे यांत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. २०२५ पासून देशांतील बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळलेला असतो. ऊस, मका, तांदूळ यांपासून तो काढतात. शहाद्याकडे ऊस पिकविणाऱ्यांना तो कांहीं परका नाहीं, आणि शेतकऱ्याला त्याचा लाभ होत असेल तर चांगलेंच आहे. परंतु जुनी फियाट घडली त्या काळीं तिच्या रबराची व धातूची त्याच्याशीं ओळख करून दिलेली नव्हती. मद्यार्क हवेंतील ओलावा ओढून घेतो. पाणी पुरेसें जमलें कीं तें मद्यार्कासह पेट्रोलापासून वेगळें होऊन तळाशीं बसतें, आणि पंपाकडे जाणारी नळी नेमकी तळाजवळूनच निघते. जुन्या जातीचें रबर त्यानें फुगतें किंवा मऊ पडतें. जस्ताच्या मिश्रधातूचें कार्ब्युरेटरचें अंग आंतून पांढऱ्या भुकटीनें माखतें. म्हणून आज अशा गाडींत डिंक, गंज व पांढरी भुकटी असे तीनही शत्रु एकत्र नांदतांना सांपडतात.

परीक्षेकडे वळण्यापूर्वीं दोन सवयींबद्दल स्पष्ट बोललें पाहिजे. कारण त्यांत गाडीचा नव्हे, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. पहिली सवय म्हणजे टाकींतील पेट्रोल काढण्यासाठीं रबरी नळी तोंडांत धरून ओढणें. ठसका लागून थोडेंसें पेट्रोल जरी फुप्फुसांत उतरलें, तरी तें जिवावर बेततें. कोणाच्या पोटांत गेलेंच, तर त्याला ओकारी काढावयास लावूं नये. ओकतांना तेंच पेट्रोल फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. त्याला सरळ दवाखान्यांत न्यावें. हातानें दाबावयाचा नळीचा पंप बाजारांत थोड्या पैशांत मिळतो, तो आणावा. दुसरी सवय याहून अधिक पसरलेली आहे: एअर फिल्टर काढून एकानें कार्ब्युरेटरच्या तोंडांत बाटलीनें पेट्रोल ओतीत राहावयाचें आणि दुसऱ्यानें स्टार्टर मारावयाचा. इंजिनानें उलटा भडका मारला कीं ज्वाला त्याच तोंडांतून वर येते, आणि तेथें बाटली धरलेला हात असतो. हें कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, करूं नये. गाडी ढकलून उघड्या अंगणांत आणावी, पेट्रोलला हात लावण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी, विडी-काडी फाटकाबाहेर ठेवावी, आणि वाळूची एक बादली हाताशीं असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतल्यानें ती पसरते.

आतां परीक्षा. पहिला प्रश्न कार्ब्युरेटरला विचारावयाचाच नाहीं. अनेक वर्षें उभें असलेलें इंजिन आंतून जखडलेलें असूं शकतें. म्हणून चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत चमचाभर इंजिन-तेल सोडावें, एक रात्र जाऊं द्यावी, व दुसऱ्या दिवशीं हँडलानें इंजिन हलकेंच फिरवून पाहावें. तें सहज फिरलें म्हणजे पुढें जावें. मग ठिणगी पाहावी, आणि ती पेट्रोल उघडण्याच्या आधीं पाहावी. तेवढ्यापुरती बॅटरी जोडावी. प्लग तारेला लावून, सिलिंडरांच्या उघड्या भोकांपासून दूर, इंजिनाच्या धातूवर टेकवावा आणि स्टार्टर मारावा. निळसर, खणखणीत ठिणगी दिसली पाहिजे. ती पिवळट व दुबळी असेल, किंवा नसेलच, तर डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटवर काट चढला असण्याचा संभव असतो, अथवा उंदरांनीं तार कुरतडलेली असते. उंदरांचें पाप कार्ब्युरेटरच्या माथीं मारल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

ठिणगी चांगली असेल तर बॅटरी पुन्हां सोडून पेट्रोलकडे वळावें. टाकींतील जुनें पेट्रोल काढून कांचेच्या बरणींत घ्यावें व कांहीं वेळ स्थिर ठेवावें. तळाशीं वेगळा थर दिसला तर तें पाणी. वास पेट्रोलचा न येतां रोगणासारखा आंबूस आला तर त्या पेट्रोलवर गाडी चालवूं नये. टाकी गंजलेली असल्यास ती उतरवून साफ करणें हें निराळें व मोठें काम आहे. परीक्षेपुरतें ताज्या पेट्रोलचा लहान डबा गाडीच्या बाहेर ठेवून त्यांतून नवी नळी पंपाला जोडली तरी चालतें. मग पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी कार्ब्युरेटरच्या टोंकाला सोडून तिचें तोंड बाटलींत धरावें व इंजिन हँडलानें फिरवावें. दर दुसऱ्या फेऱ्याला पेट्रोलची पिचकारी उडाली पाहिजे. उडाली नाहीं तर पंपाचा पडदा फाटलेला असेल, किंवा एखाद्या भेगाळलेल्या नळींतून पंप पेट्रोलऐवजीं हवा ओढीत असेल. येथपर्यंत कार्ब्युरेटर निर्दोष आहे, हें ध्यानांत ठेवावें.

पिचकारी ठीक उडत असूनही गाडी लागत नसेल, तरच संशय कार्ब्युरेटरवर घ्यावा. त्याचेंही बोलणें ऐकण्यासारखें असतें. वाटीचें झांकण उघडलें असतां आंत पेट्रोल नाहीं, तर सुई डिंकानें आपल्या घरांत चिकटली आहे. उलट, पेट्रोल भरून बाहेर सांडत असेल, तर सुईखालीं कचरा अडकला आहे किंवा फ्लोटला भोंक पडून तो बुडाला आहे. फ्लोट कानाशीं हलवावा. आंत खळखळ ऐकूं आली तर भोंक आहेच. पितळी फ्लोट गरम पाण्यांत बुडविला कीं भोकांतून बुडबुडे येतात व जागा समजते. पाणी स्वयंपाकघरांत तापवून अंगणांत आणावें. पेट्रोल भरलेला फ्लोट शेगडीजवळ नेऊं नये. त्याच कारणानें, आंतील सारें पेट्रोल उडून गेल्याखेरीज त्यावर डाग देऊं नये. आणि डाग दिला तर कथलाच्या वजनानें फ्लोट जड होतो, वाटींतली पातळी वर जाते, व गाडी कायम अधिक पेट्रोल पिऊं लागते. म्हणून नवा फ्लोट मिळत असेल तर तोच बरा. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून शोध घेतल्यास असे भाग अद्याप हातीं लागतात.

गाडी चोक ओढला असतां लागते, पण चोक आंत ढकलतांच बंद पडते, ही तक्रार सर्वांत अधिक ऐकूं येते. याचा अर्थ असा कीं, पेट्रोल कमी पडतें आहे अथवा हवा चोरवाटेनें येते आहे. पेट्रोल कमी पडण्याचें कारण बहुधा तोच बारीक जेट. हवेची चोरवाट असते ती कार्ब्युरेटर जेथें इंजिनावर बसतो त्या सांध्याच्या पॅकिंगमध्यें. वर्षानुवर्षें वाळून तें चिरतें. इंजिन चालत असतांना त्या सांध्याभोंवतीं तेलाचे दोनचार थेंब सोडावे. इंजिनाची चाल तत्क्षणीं बदलली तर चोर सांपडला. कोणी या कामीं पेट्रोल फवारतात. तापलेल्या इंजिनावर तो वेडेपणा होय. दुसरी तक्रार अशी कीं, गाडी जागेवर उत्तम चालते, पण ॲक्सिलरेटर एकदम दाबतांच अडखळते. तेथें कार्ब्युरेटरचा छोटा पंप वाळलेला असतो. इंजिन बंद ठेवून, वरून तोंडांत पाहत ॲक्सिलरेटरची दांडी हलविली म्हणजे आंत पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. काळा धूर व पेट्रोलचा वास येत असेल, तर चोक अडकला आहे, वाटीची पातळी वर आहे, किंवा एअर फिल्टर चोंदला आहे. नंदुरबारांत मिरची वाळविण्याच्या पथारीजवळ जी गाडी उभी असेल, तिचा फिल्टर झटकतांना नाकाला रुमाल बांधावा हें उत्तम.

सफाई करतांना घाई नको. कार्ब्युरेटर उतरवून पांढऱ्या परातींत उलगडावा, म्हणजे बारीकसारीक गोळी किंवा स्प्रिंग हरवत नाहीं. आणि हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेणारा फोन असतो, त्यानें प्रत्येक पायरी टिपून ठेवावी. जेट काढतांना स्क्रू-ड्रायव्हर खांचेंत नेमका बसणारा घ्यावा. पितळ मऊ असतें. कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा बाजारांत मिळतो, त्यांत भाग भिजूं द्यावे व मग पंक्चरवाल्याच्या हवेनें प्रत्येक वाट फुंकावी. मात्र त्यापूर्वीं फ्लोट बाहेर काढलेला असावा, नाहीं तर हवेच्या दाबानें तो चेपतो, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. तार, टांचणी, सुई यांतील कांहींही जेटांत घालूं नये. भोंक किती मोठें हेंच जेटचें सर्वस्व आहे. तारेनें तें थोडेंसें खरवडलें गेलें कीं वरचा आंकडा खोटा झाला. वाटीला हवा पुरविणारें एक भोंक असतें, तेंही पाहावें. कुंभारीण माशीला अशीं भोकें फार आवडतात. तिनें मातीचें घर केलें असेल तर बाकी सर्व स्वच्छ असूनही पेट्रोल वाहणार नाहीं.

राहिला मिश्रणाचा स्क्रू. तो काढण्यापूर्वीं आंतल्या बाजूस हलकेंच मिटेपर्यंत फिरवावा, किती फेरे लागले तें कागदावर लिहावें, आणि सफाईनंतर तितकाच उघडावा. कोणी आधींच फिरवून ठेवला असेल तर दीड फेरा उघडून आरंभ करावा व इंजिन पुरतें तापल्यावर थोडाथोडा हलवीत चाल गुळगुळीत होईल तेथें थांबावें. थंड इंजिनावर हें जुळवणें व्यर्थ आहे. तो जोरानें आवळूंही नये. त्याचें टोंक सुईसारखें असतें आणि त्याला एकदां खांच पडली कीं पुढें तो कधींच नीट जुळत नाहीं.

एवढें होऊन गाडी सुरू झाल्यावरही या जिल्ह्यांत दोन प्रसंगीं कार्ब्युरेटरवर पुन्हां आळ येतो. मे महिन्यांत भर दुपारीं बाजारांत दहा मिनिटें थांबलेली गाडी पुन्हां लागत नाहीं. इंजिनाच्या धगीनें पंपांत किंवा नळींत पेट्रोलची वाफ झालेली असते, आणि पंप द्रव ओढूं शकतो, वाफ नाहीं. बॉनेट उघडून सावलींत थांबावें, पंपावर ओलें फडकें टाकावें. स्क्रूला हात लावूं नये. दुसरा प्रसंग तोरणमाळचा. तें पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे, आणि तेथील हवा सपाटीवरच्या हवेपेक्षां सुमारें दहाव्या हिश्श्यानें विरळ. पेट्रोल तेवढेंच व हवा कमी, म्हणून घाट चढून गेलेली गाडी तेथें जरा जड चालते व धूर काळसर टाकते. खालीं शहाद्याला उतरली कीं ती आपोआप पूर्ववत् होते. वर स्क्रू मिटवून घेणाराची गाडी मात्र खालीं आल्यावर अडखळूं लागते, आणि मिस्त्रीला पुन्हां बोलावणें जातें.

बरणींत काढलेलें जुनें पेट्रोल विहिरीजवळ किंवा नाल्यांत ओतूं नये, आणि रॉकेलच्या स्टोव्हमध्यें तर मुळींच घालूं नये. त्यानें घरें जळालेलीं आहेत. तें गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावें. गाडी पुन्हां कांहीं महिने उभी ठेवणें भाग असेल, तर पंपाची नळी सोडून इंजिन आपण होऊन बंद पडेपर्यंत चालू द्यावें, म्हणजे वाटी कोरडी राहते व डिंक बसण्यास कांहीं उरत नाहीं. नोंदणीचे कागद मुदतींत असतील तर याहून सोपा उपाय म्हणजे महिन्यांतून एकदां तिला बाहेर काढणें. अंगणांतल्या अंगणांत पांच मिनिटें घुरघुरविण्यानें भागत नाहीं. इंजिन पुरतें तापलें पाहिजे. शहाद्याहून प्रकाशापर्यंत जाऊन तापीचें दर्शन घेऊन परत यावें, एवढी फेरी पुरते.